परसातली वाट

पाथरोंडीला येणारा पाहुणा एकदा तरी विचारतोच. गावात चांगला दगडी रस्ता आहे, घरांच्या पुढून जातो, मग बायका घरांच्या मागून का जातात? प्रत्येक परसाला निवडुंगाचं नाहीतर करवंदीचं कुंपण आहे, आणि प्रत्येक कुंपणात एक फट आहे. बाई अंग चोरून जाईल एवढीच. एका परसातून दुसऱ्या परसात, वाफ्यांच्या बांधावरून, विहिरीला वळसा घालून ही वाट तेवीस घरं फिरते. पाऊलभर रुंद, पण जांभा झिजून खळगा पडलेला. शेळ्या आत शिरतात, कोवळी माठाची भाजी फस्त करतात, बायका काठी घेऊन धावतात, पण फट बुजवायचं नाव कोणी काढत नाही.

बाळाकाका मांडवकर पाहुण्यांना ही वाट दाखवतात. पहिल्या फटीपाशी काठी टेकून उभे राहतात आणि सांगायला लागतात.

फार पूर्वी, म्हणे, गावात आवडाबाई नावाची बाई होती. तिच्या परसातल्या काकडीसारखी काकडी पंचक्रोशीत नव्हती. हातभर लांब, पांढरट सालीची, कधी कडू न निघणारी. भाद्रपदात उतरवायची, पेंढ्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या आढ्याला ओळीने टांगायची, की ती पुढे कित्येक महिने टिके. लागेल तशी एकेक काढायची. ओळीतली शेवटची मात्र बियाची.

अक्षय्य तृतीयेला वेलींची आळी करून त्यांत बी टोकतात. त्या सकाळी गावातल्या बायका आवडाबाईच्या पुढच्या दारी ओंजळ घेऊन उभ्या राहत. ती शेवटची काकडी फोडी आणि प्रत्येकीला मोजकं बी देई. "तुम्ही ठेवायच्या भानगडीत पडू नका, नासवाल," असं ती म्हणे. बायकांनाही ते सोयीचं होतं. आपल्या काकड्या आपण खाऊन संपवायच्या, बी आवडाबाईकडे आहेच.

आवडाबाईची सून घाटावरची. नाव भिवरा. नवरा गलबतावर असायचा, सासरे नव्हते, घरात या दोघीच. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. ज्वारीच्या देशातून आलेल्या पोरीला तांदळाची भाकरी थापता येईना, म्हणून विहिरीवर हसू व्हायचं. पण ती मनापासून शिकत होती. त्या साली माघात आवडाबाई लेकीच्या बाळंतपणाला खाडीपलीकडे गेली. निघताना तिने सुनेला चुलीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, मिरचीच्या रोपांना राख घालायची आठवण केली. शेवटच्या काकडीचं सांगितलं नाही. पाथरोंडीच्या पोरीला ते सांगावं लागत नाही. ते तिला रांगायच्या वयापासून ठाऊक असतं.

सासू गेल्यावर आठच दिवसांनी भिवराचा भाऊ दौलू दारात उभा राहिला. बैलांवर मीठ लादून न्यायला तो घाट उतरला होता. आठ महिन्यांनी माहेरचं माणूस दिसलं. घरात गोड काय करावं? तिने वर पाहिलं. आढ्याला एक काकडी उरली होती. सासूने मागे धोंडस केलं होतं ते तिने नीट पाहिलं होतं: काकडी किसायची, तांदळाचा रवा भाजायचा, गूळ, खोबरं, आणि वर निखारे ठेवून मंद भाजायचं. शेवटची काकडी खास पाहुण्यासाठीच ठेवली असणार, असं तिला वाटलं. तिने ती फोडली, बी काढून पाटीत घातलं आणि पाटी मागच्या दारी कोंबड्यांपुढे पालथी केली.

"आक्के, असं गोड घाटावर मिळत नाही," दौलू बोटं चाटत म्हणाला. जाताना उरलेलं धोंडस त्याने फडक्यात बांधून घेतलं. ती त्या दिवशी फार सुखात होती.

दुसऱ्या दिवशी शेजारची ठमाकाकू विस्तव मागायला आली. तिची नजर आढ्याकडे गेली.

"बियाची काकडी कुठे गो?"

भिवराला ते तेव्हा उमजलं. हातातलं उलथनं तसंच राहिलं. "उंदीर लागले होते, काकू. खाली काढून ठेवली," ती म्हणाली.

"बरं केलंस. नाहीतर तुझी सासू सगळ्या गावाला उपाशी ठेवील," ठमाकाकू हसली आणि विस्तव घेऊन गेली.

ती गेल्यावर भिवराने कोंबड्यांची जागा बोटांनी चाळली. पाटीच्या विणीत अडकलेली दोन बियं सापडली. ती तिने ओल्या फडक्यात बांधली, ती कुजली. मग तिने पेंढ्याची एक जुडी वळली, काकडीएवढी लांब, काकडीएवढी जाड, आणि आढ्याच्या दोरीत अडकवली. लांबून कोणी पाहिलं तर आत काकडी आहे असंच वाटे. पण तिला स्वतःला तिच्याखाली बसून जेवता येईना. घास घेतला की नजर वर जायची.

असं सांगतात, की त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरला नाही. भात चुलीवर ठेवायची आणि उठायची. म्हशीची धार अर्धी टाकून उठायची. पुढच्या दाराने कोणाकडे जाऊन बी मागायचं तोंड नव्हतं, म्हणून ती कुंपणातून अंग घालून मागच्या दारी जाई. लुगड्याला काटे लागत, दंड ओरबाडत. ओटीत कधी मिरच्या, कधी अळूची पानं, काहीतरी निमित्त असे.

"वयनी, मागल्या सालचं काकडीचं बी राहिलंय का कुठे? दोन दाणे?"

"आमच्याकडे कशाला राहील? तुझ्या सासूकडे असतं ना."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. प्रत्येक घर तिला तिच्याच घराकडे परत पाठवी. फाल्गुन गेला, चैत्र अर्धा सरला, तिने स्वतःचं धरून बावीस परसं पालथी घातली, आणि ज्यांच्याकडे नाही हे ठाऊक होतं त्यांच्याकडेही पुन्हा जाऊन आली. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, "घाटावरचीला वारं लागलंय. एका जागी बसतच नाही." हसणाऱ्यांतल्या एकीलाही कळलं नाही, की ती आपल्याच पुढच्या सालच्या काकड्यांसाठी हिंडते आहे.

तेविसावं घर ओहोळाकाठचं, गंगूबाईचं. तिथे आवडाबाईच्या घरचं कोणी जात नसे. दहा वर्षांपूर्वी कुंपण वीतभर पुढे सरकवण्यावरून दोघींचं भांडण झालं होतं, आणि तेव्हापासून अक्षय्य तृतीयेला गंगूबाईच्या ओंजळीत बी पडलं नव्हतं. एकदा ती आली होती, तर आवडाबाईने तिच्या देखत काकडीचं रिकामं साल उलटं करून दाखवलं होतं. पुन्हा ती आली नाही.

अक्षय्य तृतीयेला दोन दिवस उरले. आवडाबाई दुसऱ्या दिवशी यायची होती. भिवरा त्या शेवटच्या कुंपणातून आत शिरली.

गंगूबाई भाजीला शिंपत होती. "आवडाबाईची सून माझ्या परसात? वाट चुकलीस काय?"

भिवराने या वेळी निमित्त सांगितलं नाही. धोंडस, दौलू, कोंबड्या, पेंढ्याची जुडी, सगळं सांगितलं. गंगूबाईने ऐकून घेतलं आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. चुलीमागच्या भिंतीवर शेणाचे चपटे गोळे थापलेले होते. प्रत्येक गोळ्यात पांढरं बी रोवलेलं, धुराने काळवंडलेलं.

"तुझ्या सासूने दिलं नाही, म्हणून मला माझं ठेवावं लागलं," गंगूबाई म्हणाली. "पहिल्या दिवशी आली असतीस तर एवढी पायपीट झाली नसती गो."

भिवराने हात पुढे केला. गंगूबाईने गोळा काढला नाही.

"तुला देत नाही. तिला सांग ते कोणाकडे आहे ते. पुढचं तिचं ती बघेल."

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी बायका पुढच्या दारी जमल्या. आवडाबाईने कोयती घेतली, दोरी सोडली आणि तिच्या हातात पेंढा आला. तिने तो दोनदा पिळून पाहिला. ठमाकाकूने तोंडाला पदर लावला.

"मी भावाला खाऊ घातली," भिवरा म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. नंतर ठाऊक झालं, तरी सांगितलं नाही. बी आता फक्त गंगूबाईंकडे आहे."

आवडाबाई काय म्हणेल याची सगळ्या वाट पाहत होत्या. तिने कोयती खाली ठेवली. पुढचं दार बायकांनी भरलेलं होतं, म्हणून म्हणा, नाहीतर लाजेने म्हणा, ती मागच्या दाराने निघाली. सुनेने पाडलेल्या फटीतून, वाकून, परसामागून परस ओलांडत ती ओहोळाकडे गेली. मागोमाग भिवरा, आणि तिच्यामागे साऱ्या बायका.

आवडाबाई आणि गंगूबाई आत काय बोलल्या ते कोणी ऐकलं नाही. कोणी म्हणतात आवडाबाईने पदर पसरला. कोणी म्हणतात गंगूबाईने आधी गूळपाणी दिलं. बाहेर आल्या तेव्हा आवडाबाईच्या दोन्ही हातांत शेणाचे गोळे होते. ते तिने उंबऱ्यावर फोडून एकेकीला वाटले, आणि म्हणाली, "यापुढे ज्याच्या त्याच्या घरी ठेवा. मी एकटीने ठेवलं, ते चुकलं." गंगूबाईने एकच मागितलं. सुनेने पाडलेली फट बुजवायची नाही.

आजही पाथरोंडीत कोणी आपल्या घरचं बी आपल्या आळ्यात टोकत नाही. अक्षय्य तृतीयेला प्रत्येक बाई मागच्या वाटेने पुढच्या घरी जाते, आपलं बी देते आणि मागच्या घरून आलेलं लावते. घरचंच लावलं तर काकडी कडू निघते, असं म्हणतात. आजही आढ्याला शेवटच्या काकडीशेजारी पेंढ्याची एक रिकामी जुडी टांगतात, आणि नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी, चूल दाखवायच्याही आधी, तिला हात धरून वर बघायला लावतात.

आणि चैत्र सरत आला की गावातल्या बायकांचं घरात लक्ष लागत नाही. भात चुलीवर ठेवून त्या उठतात, दुसरीच्या आढ्याकडे एक नजर टाकून येतात. बियाची काकडी जागेवर दिसली की परततात, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठतात. बाळाकाका एवढं सांगून काठी उचलतात आणि पाहुण्यांना बाजूला व्हायला सांगतात, कारण फटीतून कोणीतरी येत असतं.