साडेनऊ फूट

“पण बुवा, फोर-के घ्यावा की एट-के?”

धोंडीबुवांनी शेणकाल्याची बादली तेवढी पुढं सरकवली.

“आधी अंगण.”

विश्वंभर माळवदेंच्या कपाळाला आठी पडली. माळावरच्या या मठाची रीत त्यांना ठाऊक होती. प्रश्न घेऊन येईल त्यानं आधी अंगण सारवायचं आणि ते वाळलं की मगच विचारायचं. निम्मी माणसं अंगण वाळायच्या आतच उठून घरी जात. पण ही रीत नवख्या लोकांसाठी, असं माळवदे धरून चालले होते. आपण सात वर्षं दर गुरुवारी येणारे शिष्य, त्यातून बांधकाम खात्यातले इंजिनिअर. आपल्याला थोडी सूट मिळायला काय हरकत होती?

“बुवा, एका वाक्याचं काम आहे.”

“मंग हात चालीव. लवकर वाळंल.”

इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माळवदे सारवायला बसले. चडफडत बसले, हे सांगायलाच हवं. पण उभा जन्म मोजमापात गेलेला माणूस. चडफडतानाही हात असा फिरला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे पट्टे एकसारखे उमटले.

मग हातपाय धुऊन ते ओट्यावर बुवांशेजारी येऊन बसले. दुपारचं ऊन होतं, तरी अंगण वाळायचं नाव घेईना.

“विचारत नाही, नुसतं सांगतो,” माळवदे म्हणाले.

“सांग.”

“मेव्हण्यानं पंचाहत्तर इंची टीव्ही घेतलाय. त्याच्याकडं मॅच बघितली. बुवा, चेंडूची शिवण दिसते! टाके मोजून घ्या.”

“आन् तुझ्यात?”

“आमच्यात चेंडू आहे, एवढं कळतं. बारा वर्षांचा बत्तीस इंची. डाव्या बाजूला एक उभी रेघ आलीये. सगळे बॉलर तिच्यातून धावत येतात.”

“चेंडू कुठं गेला ते कळतं न्हवं?”

“कळतं. पण शिवण...”

“शिवण काय उसवायची हाय?”

इतरांनी हे विचारलं असतं तर माळवदेंनी पिक्सेल म्हणजे काय इथपासून सुरुवात केली असती. गेले चार महिने ते हेच करत होते. शहरातली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली होती. एक दुकानदार म्हणे, फोर-के म्हणजे डोळ्यांची चैन. दुसरा म्हणे, साहेब, फोर-के आता जुना झाला, एट-के बघा. तिसऱ्यानं तर तुमच्या डोळ्यांचा नंबर किती, असं विचारून त्यांचा पार अपमान केला. घरी विचारावं तर सुलभाताई म्हणत, “तुमचं तुम्ही बघा.” बायको हे वाक्य कधी म्हणते, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

“आन् आप्पा काय म्हन्त्यात?” बुवांनी विचारलं.

आप्पा म्हणजे माळवदेंचे वडील. पाय चालत होते तोवर तेही मठात येत.

“ते काय म्हणणार? ते टीव्ही बघतच नाहीत. तीन वर्षं झाली, कॉटवर पडून आहेत. टीव्ही इकडं, तर यांचं तोंड तिकडं.” माळवदेंचा आवाज चढला. “आणि रोजचं एक ठरलेलं, बुवा. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की, ‘आलास का?’ अहो, आलोय म्हणून तर समोर उभा आहे! ‘आलो’ म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. आणि म्हटलं की लगेच भिंतीकडं कूस बदलून डोळे मिटतात. पुढं एक शब्द नाही. रोज! वैताग येतो हो.”

बुवा अंगणाकडं बघत राहिले.

माळवदेही बघत राहिले. मध्येच उठून त्यांनी बोटानं कड चाचपली. बोट ओलं झालं.

“आज हवेत दमटपणा आहे,” ते म्हणाले.

“आज तुला घाई हाय,” बुवा म्हणाले.

...

ऊन कलायला लागलं तेव्हा कुठं अंगण वाळलं.

“आता सांगा,” माळवदे ताडकन उठले. “फोर-के की एट-के? उद्या सकाळी दुकानदाराला कळवायचंय. रविवारी त्यांची माणसं भिंतीला लावायला येणार.”

“लावनार कुठं?”

चार महिन्यांत माळवदेंना हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम उजळला. पिशवीतून त्यांनी मापाची पोलादी टेप काढली. ती कायम त्यांच्याजवळ असे, देवळात जातानासुद्धा.

“काढूनच दाखवतो. खऱ्या मापात.”

तुळशीजवळचा रांगोळीचा डबा घेऊन ते कामाला लागले. चौदा फूट लांब, दहा फूट रुंद. चारी कोपरे काटकोनात. एका बाजूला साडेतीन फुटांची जागा मोकळी सोडली, ते दार. पुढच्या भिंतीवर टीव्ही, पंचाहत्तर इंची. सगळं झाल्यावर कंबरेवर हात ठेवून ते उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

बुवा ओट्यावरून उतरले. रेघ ओलांडून आत आले नाहीत. वळसा घालून दारापाशी गेले, वहाणा बाहेर काढल्या आणि मग आत आले.

“ह्ये काय?”

“टीव्ही.”

“ह्ये?”

“शोकेस. दीड फूट खोल.”

“आन् ह्यो बारका चौकोन?”

“चपलांचं कपाट.”

“ह्यो मोठा?”

“सोफा. इथंच तर सगळी मेख आहे, बुवा. सध्या तो टीव्हीपासून सहा फुटांवर आहे. पण एवढा मोठा टीव्ही सहा फुटांवरून बघायचा म्हणजे मान इकडून तिकडं फिरवावी लागते. साडेनऊ फूट पाहिजेत. म्हणून सोफा मागं, थेट भिंतीला.”

“चपलांना बी जागा केलीस.”

“मग? सगळं मोजलंय.”

बुवांनी सगळ्या खोलीभर एक चक्कर मारली. कुठल्याही रेघेवर पाय पडू दिला नाही.

“आप्पा कुठं हाईत?”

...

“आप्पा मागच्या खोलीत जाणार,” माळवदे म्हणाले. “चांगली खोली आहे. पंखा आहे. शांतता आहे. म्हाताऱ्या माणसाला शांतता नको का? इथं सारखी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ.”

“सांगितलंस त्यास्नी?”

माळवदे टेप गुंडाळायला लागले.

खरं तर ते आले होते ते यासाठीच. फोर-के की एट-के, ते दुकानदारानंही सांगितलं असतं. पण आप्पांची कॉट हलवायची म्हटल्यावर सुलभाताईंनी हात वर केले होते. “तुम्हीच सांगा त्यांना. मी नाही सांगायची,” असं स्वच्छ सांगितलं होतं. आठ दिवस माळवदे रोज संध्याकाळी ठरवून घरी जात, आणि ते ‘आलास का?’ ऐकलं की त्यांच्या तोंडून ‘आलो’ एवढंच निघे. स्वतःचाच राग येई त्यांना. बुवा नुसतं ‘घे’ म्हणाले असते तर घरी जाऊन सांगता आलं असतं, बुवांनीच सांगितलंय म्हणून. मग कुणाची बोलायची टाप नव्हती. आप्पांची तर नव्हतीच.

“सांगेन,” माळवदे म्हणाले. “तुम्ही एकदा हो म्हणा.”

“सध्या कुठं असत्यात?”

माळवदेंनी सोफ्याकडं बोट केलं.

“तिथंच. खिडकीखाली.”

“काढ की मंग. त्यांची बी कॉट काढ.”

“बुवा, ती जाणारच आहे. नकाशात कशाला...”

“हाय तवर काढ.”

डब्यातली रांगोळी संपली होती. बुवांनी गेरूचा खडा आणून दिला. माळवदे उकिडवे बसले आणि सोफ्यावरच कॉट काढली. सहा फूट बाय तीन फूट. पांढऱ्या रेघांवर लाल रेघा चढल्या. इतका वेळ नेटका दिसणारा हॉल आता गिचमिड दिसायला लागला. माळवदेंना ते बघवेना.

“झालं?” त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

खांद्यावरचं उपरणं बुवांनी घडी करून उशाला ठेवलं आणि त्या लाल चौकटीत सावकाश आडवे झाले. ऐंशी वर्षांचं शरीर, गुडघे वाजले. एकदा टीव्हीकडं बघितलं. मग कूस बदलून दंडावर डोकं टेकलं.

“बुवा... अंगाला गेरू लागेल.”

बुवांनी गुडघे पोटाशी घेतले.

“उठा ना. जमीन गार आहे.”

“हलीव मला,” बुवा म्हणाले.

माळवदे पुढं झाले. बुवांच्या खांद्याला हात लावायचा म्हणून वाकले. म्हातारा वजनाला काहीच नसणार, एका हातानं उठला असता. माळवदे तसेच वाकून राहिले. हात काही पुढं जाईना.

...

“बेस दिसतंय हितनं,” बुवा म्हणाले.

“काय दिसतंय?”

माळवदेंनी मागं वळून बघितलं. तिकडं काहीच नव्हतं. टीव्ही या बाजूला होता, आणि बुवांचं तोंड भलतीकडंच होतं.

आता मात्र त्यांचा संयम सुटला. दुपारभर शेणात हात घातले, अंगण वाळायची वाट बघितली, इंच न् इंच मापून हॉल काढून दाखवला, आणि गुरू काय करतात, तर गेरूच्या कॉटवर लोळतात! सरळ प्रश्न होता. हो किंवा नाही. घरीदारी कुठंही जा, सरळ उत्तर म्हणून कुणी देत नाही.

“राहू द्या, बुवा,” ते म्हणाले. “माझं मी बघतो.”

बोलून गेल्यावर आपण सुलभाताईंचंच वाक्य बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते आणखीच चिडले. पिशवी उचलून तरातरा निघाले. मठाच्या फाटकाबाहेर मोटरसायकल उभी होती. चप्पल घालून गाडीवर बसले, किल्ली फिरवली.

आणि टेप आठवली.

टेप आतच राहिली होती, सोफ्याच्या कडेला. किंवा कॉटच्या कडेला, काय म्हणायचं ते म्हणा. त्यांनी गाडी बंद केली. पाच वाजून गेले होते. आज रजा होती, एरवी या वेळेला ते ऑफिसातून घरी निघालेले असत.

ते परत फाटकातून आत आले. अंगणाच्या कडेला क्षणभर थांबले. रेघ ओलांडून चार पावलांत टेपेपर्यंत जाता आलं असतं, पण आपणच काढलेली भिंत, तिच्यातून जायला पाय धजेना. वळसा घालून ते दारापाशी आले. तिथं बुवांच्या वहाणा होत्या. माळवदेंनी त्यांच्या शेजारी आपल्या चपला काढल्या आणि आत पाऊल ठेवलं.

बुवा त्याच कुशीवर होते. डोळे उघडे होते, दाराकडं लागलेले.

“आलास का?”