जिथं दिवा राहत नाही

पुष्कळ वर्षं झाली. किती, ते नेमकं सांगणारं माणूस आता उरलेलं नाही. तेव्हा माचीगावाला पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण खाली दरीतल्या झऱ्याला. आणि गाव वर, उघड्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवर. बायका घागरी घेऊन उतरायच्या, चढायच्या, आणि त्यातच त्यांचा जन्म सरायचा.

त्या गावात गोजराक्का राहायची. तिच्यासारखी उफणणी करणारी बाई साऱ्या मुलखात नव्हती. खळ्यात तिवईवर चढून ती सुपातलं धान्य असं सोडायची, की दाणा पायाशी आणि भूस पार बांधापलीकडं. वारा पडला की बाकीच्या बायका टेकायच्या. ती नुसता पदर मोकळा सोडून उभी राहायची, आणि वारा यायचा. वारा तिला ओळखायचा, असं म्हणतात.

तिची लेक हिरा एकदा भरल्या घागरीसकट दरीच्या वाटेवर घसरली. जीव वाचला, पाय अधू झाला. तरी पाणी दुसरं कोण आणून देणार? हिरा पाय ओढत रोज दोनदा उतरायची, आणि म्हातारी कड्याशी बसून घागरीचा आवाज येईपर्यंत कान लावून असायची. तोवर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मग गावानं मनावर घेतलं. विजेची तार डोंगर चढून येईल तेव्हा येईल, वारा तर घरचाच आहे. कुणी नाचणी दिली, कुणी बैल दिले, कुणी नुसते खांदे दिले, आणि पवनचक्की आली. एकेक पातं वर चढवायला बत्तीस माणसं लागली. चक्कीनं वीज करावी, विजेवर पंप चालावा, पंपानं दरीतलं पाणी वर आणावं, असा बेत. पहिला मान देवाचा, म्हणून चक्की उभी केली ती सिद्धोबाच्या देवळापुढं.

आणि ती फिरेना. आठवडा गेला, महिना गेला. कधी अर्धा फेरा घ्यायची आणि दमल्यासारखी थांबायची. खालच्या गावची माणसं बाजारात भेटली की विचारायची, "काय रं, तुमच्या सिद्धोबाला उकडतंय व्हय?" माचीगावकर खाली मान घालून मिरच्या निवडत राहायचे. अखेर चक्की मोडीत घालायचं बोलणं निघालं.

एका तिन्हीसांजेला गोजराक्का देवळात गेली. दार सताड उघडं होतं, तरी नंदादीपाची ज्योत सरळ उभी, जराही हलत नव्हती. म्हातारी बघत बसली, बघत बसली, आणि हसली. बाहेर पारावर सरपंच निवृत्तीतात्या आणि दाजी गुरव बसले होते.

"जुन्या माणसांनी देऊळ हितं का बांधलं? दिवा राहावा म्हणून," ती म्हणाली. "दिवा राहतो तिथं पंखा कसा फिरंल, बाबांनो?"

"मग कुठं फिरंल, आक्का?" तात्यांनी विचारलं.

"जिथं दिवा राहत न्हाई तिथं."

म्हणजे देवाचा दिवा घेऊन सड्यावर हिंडायचं आणि तो विझू द्यायचा. दाजी गुरवाच्या अंगावर काटा आला. असा अपशकुन कुणाच्या माथी मारायचा, असं त्यानं विचारलं. म्हातारीनं त्याच्यापुढं पदर पसरला.

"माझ्या पदरात घाल. हिरा पाण्याला गेली की मी रोज मरती. त्यापरास ह्ये हलकं हाय."

दुसऱ्या दिवशी नंदादीपावर निरांजन लावून ती निघाली. मागं सारा गाव. ज्योतीला तिनं हाताचा आडोसा केला नाही. टेकाडावर ज्योत वाकली, पण राहिली. आटलेल्या तळ्याशी नुसती डुलली. उन्हं कलली, म्हातारीचे पाय भरून आले, आणि ती कड्याजवळच्या आपल्या जुन्या खळ्यावर पोचली. तिथं दिवा गेला. गुरवानं सहा वेळा लावला, सहा वेळा गेला. सातव्या वेळी वाऱ्यानं काडेपेटीच नेली. त्याच घटकेला देवळातला नंदादीप वीतभर उंच झाला, असं म्हणतात. कुणी पाहिला ते विचारू नये. सारा गाव तर सड्यावर होता.

देवळापुढची चक्की खळ्यावर नेली. या खेपेला पातं उचलायला आठच माणसं पुरली, आणि शेवटचा नट आवळायच्या आधीच ती फिरायला लागली. पाणी वर आलं. हिरा हौदाशी घागर घेऊन नुसती उभी राहिली. त्या दिवशी गोजराक्का पोटभर जेवली.

पुढं थंडीत वारा निजायचा, तेव्हा गावानं उन्हावरची वीज करायचं ठरवलं. त्या काळ्या काचा कुठं मांडायच्या, ते पुन्हा म्हातारीलाच विचारलं. जिथं माझ्या कुरडया दोन उन्हांत कडकडीत वाळतात तिथं, ती म्हणाली. ते नेमकं दाजी गुरवाचं अंगण निघालं. त्याची बाज तिथून हलवणं चक्की हलवण्याहून जड गेलं म्हणे.

गोजराक्का गेली त्यालाही आता फार दिवस झाले. अजून चैत्रातल्या पहिल्या सोमवारी, दिवस मावळताना, हिराच्या घरची बाई देवळातून दिवा घेऊन खळ्यावर जाते. हात आडवा धरायचा नाही. दिवा गेला की विझला म्हणायचं नाही, आक्कानं घेतला म्हणायचं. मगच माणसं परततात आणि घरोघरी बत्त्या लागतात.

एखाद्या वर्षी वारा पडलेला असतो. दिवा जळतच राहतो. तेव्हा सारा गाव तिथंच अंधारात बसून राहतो, कुणी कुरकुर करत नाही. आक्का म्हातारी बाई, चालत येणार. वेळ लागणारच.