तिचाकीच्या गळ्यातली घुंगुरमाळ

गावात बैलगाडी मागे पडून जीप आली, त्याच्या थोडं नंतरची ही गोष्ट. विजेवर चालणारी एक छोटी तिचाकी रिक्षा आली. "हिला ना आवाज, ना ताकद. ही कसली भाडं मारतेय!" जीप हसली. तिचाकी गल्लीगल्लीतून फिरे, पण ती आल्याचं घरात कुणाला कळतच नसे. अशीच रिकामी परतत राहिली, तर मालक तिला विकणार होता.

गोठ्यातला म्हातारा बैल म्हणाला, "पोरी, लोक माझी घुंगुरमाळ ऐकून बाहेर येत. तुला उपयोग होईल की नाही, ठाऊक नाही." त्याने खुंटीवरची माळ शिंगाने तिच्या हँडलवर सारली.

सकाळी दारं उघडली. "अगंबाई, बैल कुठंय हिचा?" म्हणत द्वारकाकाकू आत बसल्या. तिचाकी भरली.

संध्याकाळी घुंगरं गोठ्याजवळ आली. बैल सवयीने उठून उभा राहिला. आवाज पुढे निघून गेला.