तिघांचा गोफ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की कधीची, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलं नाही.

एका गावाबाहेर एक माळ होता. तिथे गुरं चरत, पोरं खेळत, लग्नांचे मांडव पडत. तो माळ गावाला एका जुन्या राजाने दिला होता आणि देताना एकच अट घातली होती. दर वर्षी सुगी संपली की माळावरच्या चिंचेच्या फांदीला आठ रंगीत दोऱ्या बांधायच्या. नाचणाऱ्यांनी एकमेकांना ओलांडत त्यांचा गोफ विणायचा. सूर्य मावळण्याआधी राजाच्या कारभाऱ्याने तो ओढून पाहायचा. टिकला, तर माळ आणखी वर्षभर गावाचा. सुटला, तर माळ सरकारजमा.

नाचणाऱ्यांना पुढची चाल सांगायचं काम चिमाईचं. तिचे गुडघे कुरकुरत, पण आवाज असा खणखणीत, की ती "वळा!" म्हणाली की शेजारच्या शेतातले बैलही वळत.

एका वर्षी नवा कारभारी आला. त्याला माळावर घोड्यांची पागा बांधायची होती. माणूस हुशार होता. त्याने भांडण काढलं नाही. गोफाच्याच दिवशी, गोफाच्याच वेळी, त्याने चावडीवर जिलबीची कढई चढवली. सगळ्या गावाला फुकट!

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या मनात एकच विचार: "गोफाला आठ जण लागतात. गावात दोनशे आहेत. मी एकटा नाही गेलो, तर काय अडतंय?"

चिमाईने चिंचेखालून तीन हाका दिल्या. तीनच माणसं आली. एक म्हातारा कुंभार, एक पायाने अधू धनगर आणि नुकतीच लग्न होऊन गावात आलेली एक सून. सुनेला अजून गावातली घरंही धड माहीत नव्हती. बोलावलं म्हणून ती आली होती.

चिमाईने गावाकडच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. ज्यांच्या लग्नात ती याच माळावर गायली होती, त्यांतलं एकही माणूस आलं नव्हतं.

कारभारी घोड्यावरून उतरला. "चिमाई, कशाला घसा कोरडा करतेस? घरी जा."

"घरी कशाला जाऊ? माणसं आल्यात की."

"तीन?" कारभारी हसला. "तिघांत काय विणणार? पोरीची वेणी?"

चिमाईने सुनेच्या पाठीवरच्या वेणीकडे पाहिलं आणि ताठ उभी राहिली.

"व्हय, कारभारी. वेणीच विणणार. बघा उभं ऱ्हाऊन!"

तिने कुंभाराच्या हातात तीन दोऱ्या दिल्या, सुनेच्या हातात तीन, धनगराच्या हातात दोन. आठही दोऱ्या हातांत गेल्या. तिघांना तिने एका रांगेत उभं केलं आणि टाळी धरली.

"उजवीकडचा मधी! आता डावीकडचा मधी! पुन्हा उजवीकडचा! लाजू नगं गं पोरी, रोज सकाळी करतीस तेच हाय!"

धनगर लंगडत होता, म्हणून चिमाईने टाळीच लंगडी केली. कुंभाराला धाप लागली, तशी तिने चाल धिमी केली. पण थांबू दिलं नाही. आठांसाठी ती जेवढ्या मोठ्याने ओरडायची, तेवढ्याच मोठ्याने तिघांसाठी ओरडली. तो आवाज चावडीपर्यंत गेला. लोकांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

दिवस कलला तेव्हा फांदीखाली मनगटाएवढा जाड गोफ लोंबत होता. सुनेने वेणीला बांधलेली लाल आगवळ सोडली आणि त्याच नाडीने गोफाचं टोक करकचून बांधलं.

"ओढा," चिमाई म्हणाली.

कारभाऱ्याने हिसका दिला. गोफ आणखी आवळला. मग तो दोन्ही हातांनी लोंबकळला, पाय वर घेतले, गरगर फिरला. फांदी करकरली, गोफ तसाच. शेवटी त्याचेच हात सुटले आणि तो धुळीत बसला.

एव्हाना सारा गाव धावत आला होता. सगळ्यांच्या माना खाली. एक जण पुढे होऊन म्हणाला, "चिमाई, आता आमी धरतो दोऱ्या."

"आता?" चिमाई कडाडली. "माळ वाचला तवा हात कुटं हुतं तुमचं? जा, आदी धुऊन या ते. पाकानं चिकाट झाल्यात. दोऱ्या खराब व्हतील माज्या!"

सगळे मुकाट्याने विहिरीवर गेले.

कारभारी कपडे झटकत निघून गेला. पागा दुसरीकडे झाली. तेव्हापासून त्या गावात गोफाचा पहिला फेरा तिघांचाच असतो आणि बाकीचा गाव हात धुऊन, आपली पाळी येईपर्यंत टाळ्या वाजवतो.

बोध: जे आले नाहीत त्यांच्यासाठी अडून राहू नये, जे आले त्यांना घेऊन काम तडीला न्यावं.