हौसा कासारीण आणि काकणाईचा वसा

ऐक काकणाई, तुझी कहाणी. बायांनो, हातात काही काम असेल तर खाली ठेवू नका, करता करता ऐका. या देवीला रिकामा हात खपत नाही.

एक आटपाट नगर होतं. नगरात कासारआळी होती, आळीत हौसा कासारीण राहत होती. नवरा दमेकरी, तो ओसरीवर खोकत बसे, त्याचा कुणाला त्रास नव्हता. एक मुलगा होता, मैना नावाची सून होती. हौसाचा हात असा, की काकण केव्हा चढलं ते मनगटाला कळत नसे. नगरातल्या नवऱ्या मुली तिच्याच हातून चुडा भरून घेत. हौसाला त्याची मोठी ऐट. काय ऐट? तर दुसरी कासारीण जे माप भरील, त्याहून एक माप लहान आपण भरावं. काकण मनगटावर घट्ट बसावं, आणि साऱ्या आळीनं म्हणावं, हात असावा तर हौसाचा.

मग काय झालं? पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं. चुडा भरायला हौसा गेली. केस पिकले होते, ऐट काही पिकली नव्हती. तिनं एक माप लहान काढलं. पहिलं काकण चढलं. दुसरं चढलं. तिसरं अंगठ्याच्या बुंध्याशी अडलं. हौसानं दाबलं. मग ते वाढलं. काकण फुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण काहीही म्हटलं तरी काच रुतली आणि नवरीच्या हाताला रक्त आलं. पाटलीण भली बाई, ती रागावली नाही. तिनं हौसाला लुगडं दिलं, नारळ दिला, आणि म्हणाली, "हौसाबाई, जन्मभर केलंत. आता वय झालं. बसून खा." शिवी दिली असती तर हौसा भांडली असती. लुगड्याशी कसं भांडायचं?

मग हौसा घरी बसली. मुलगा म्हणाला, "आई, बाजाराला येतेस?" ती म्हणाली, "माझ्यानं आता होत नाही." शेजारीण म्हणाली, "माझ्या लेकीला दोन काकणं भर गं." ती म्हणाली, "माझ्यानं आता होत नाही." मैना म्हणाली, "आत्याबाई, एवढी माळ ओवून देता?" ती म्हणाली, "माझ्यानं आता होत नाही." काकणाईचं ठाणं बोटांच्या टोकांवर. तिनं पहिल्यांदा ऐकलं, मान फिरवली. दुसऱ्यांदा ऐकलं, उठून उभी राहिली. तिसऱ्यांदा ऐकलं, चालती झाली. मग हौसाचे हात कापू लागले. ताकाचा गडू धरवेना, देवाची वात वळवेना.

मैना गुणाची सून. तिनं सासूच्या हातून गडू काढून घेतला, वात काढून घेतली, पुढं पुढं तर भाजीची जुडीही काढून घेतली. "राहू द्या आत्याबाई, मी करते." दिवसभर हेच. हौसाला दोन वेळचं ऊन ऊन मिळे आणि घास घशाखाली उतरत नसे.

पुढं मैना पोटुशी राहिली. सातवा महिना लागायच्या आधी हिरवा चुडा भरायचा ठरलं. एके दिवशी हौसानं ऐकलं. मैना परसात शेजारणीला सांगत होती, "परगावची कासारीण बोलावली आहे. आत्याबाईंच्या हाती कसं द्यायचं? काही वाढलं-बिढलं तर? पोटात जीव आहे हो." मैनाचं काही चुकलं नव्हतं. पण कासाराचं घर, कासाराची सून, आणि चुडा परक्या कासारणीनं भरायचा! हौसाला फार लागलं. ती रडली नाही. उठली, पदर खोचला, आणि नदीच्या वाटेला लागली.

नदीच्या काठी एक म्हातारी बसली होती. हौसाहून म्हातारी. खांद्यावर काकणांच्या माळा, पाठीला पोक, आणि डावं मनगट मोकळं. ती म्हणाली, "ये गं बाई. माझ्या हाती एक काकण भर."

हौसा म्हणाली, "माझ्यानं होत नाही. हात कापतो."

"माझाही कापतो. का कापतो तुझा?"

"वय झालं. नवरीच्या हातात काकण वाढलं."

"वयानं वाढलं, की मापानं?"

हौसानं नदीकडे पाहिलं. पाणी वाहत होतं. मग ती हळूच म्हणाली, "मापानं. एक माप लहान घेतलं होतं."

"का घेतलं?"

"ऐटीनं."

"तर मग बाई, ऐटीचं पाप वयाच्या माथी का मारतेस? वय बिचारं कुणाला उलटून बोलत नाही म्हणून?"

हौसाचा चेहरा उतरला, मग तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते तिलाच ठाऊक. तिनं म्हातारीचा हात मांडीवर घेतला. हात लाकडासारखा कडक, सांधे सुजलेले. हौसानं माप पाहिलं, पुन्हा पाहिलं, एक माप मोठंच घेतलं. बोटं जवळ केली, अंगठा आत दुमडला, आणि काकण चढवलं. हात कापत होता, तरी चढवलं.

मग हौसानं विचारलं, "बाई बाई, या वयात गावोगाव फिरता. कसला वसा वसता?"

"तुला काय करायचंय? ऐकशील, उद्या जमलं नाही की सोडून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, अंगावर घेतलेलं टाकणार नाही."

मग म्हातारी म्हणाली, "सकाळी उठावं. बोटांना तिळाचं तेल लावावं. 'माझ्यानं होत नाही' हे तोंडातून काढू नये. रोज परक्या दारी जावं, एक हात मागावा, एक काकण भरावं. माप पाहून भरावं, ऐट करू नये. वाढलं तर वाढलं म्हणावं आणि दुसरं घ्यावं. आपल्याहून भ्यालेली एखादी भेटली, तर तिला शेजारी बसवावं. आणि संपूर्णाला घरच्या हाती चुडा भरावा. पण तो हात मागू नये. तो आपण होऊन पुढं यावा. आला तर वसा पावला, नाही आला तर पुन्हा धरावा." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. हौसानं ओळखलं, ही काकणाई.

मग हौसानं वसा धरला. गवळणीच्या दारी गेली. गवळण म्हणाली, "नको गं बाई, आज म्हशीला बरं नाही." म्हशीचा आणि काकणाचा काय संबंध? पण हौसा पुढच्या दारी गेली. लोहारणीच्या दारी गेली. लोहारीण म्हणाली, "भर, माझ्या हाताला काय होतंय?" काकण वाढलं. हौसानं वाढलं म्हटलं. तिनं दुसरं घेतलं, ते चढलं. माळणीच्या दारी गेली. माळणीनं एक भरून घेतलं आणि म्हणाली, "उद्या ये, जावेलाही भर." असं करता करता हातांचा कंप उतरला. सगळा नाही उतरला, पण कामापुरता उतरला. वाटेत एक साळीण भेटली. डोळे अधू झाले म्हणून मुलानं तिला मागावरून उठवलं होतं. हौसानं तिला आपल्याजवळ बसवलं, म्हणाली, "माप डोळ्यांनी नको, बोटांनी लाव." साळीण मापं लावून देऊ लागली.

मैना हे सगळं पाहत होती.

चुड्याचा दिवस आला. पाट मांडला, रांगोळी घातली. आळीतल्या बाया आल्या, पाटलीण आली. परगावची कासारीण माळा सोडून बसली. हौसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. हात मागायचा नाही, असं देवीचं बोलणं. तिनं ओठ घट्ट मिटले. पण मन काही मिटेना. बाई गं, एकदा बघ माझ्याकडे, असं ते आतल्या आत म्हणत होतं.

परक्या कासारणीनं माप काढलं. मैनानं हात मागं घेतला. म्हणाली, "जरा थांबा." आणि उंबऱ्याकडे हात करून म्हणाली, "आत्याबाई, या."

बायांत कुजबूज झाली. हौसा आली, बसली, सुनेचा हात मांडीवर घेतला. गरोदरपणानं हात सुजला होता. तिनं माप पाहिलं, मोठं घेतलं. पहिलं काकण चढलं. दुसरं चढलं. तिसरं अंगठ्यापाशी गेलं, आणि वाढलं.

पाटलीण म्हणाली, "हौसाबाई, राहू द्या आता—"

हौसाच्या तोंडाशी तोच जुना शब्द आला. तिनं तो गिळला. सुनेचा हात उलटा केला, सुलटा केला. रक्त नव्हतं. तुकडा उचलून उजेडात धरला. म्हणाली, "वाढलं. माप बरोबर आहे, काच कच्ची होती." सुनेकडे पाहिलं. मैनाचे डोळे भरले होते, पण हात होता तिथंच होता.

"दुसरं घ्या, आत्याबाई," ती म्हणाली.

हौसानं दुसरं घेतलं. ते चढलं. मग तो हात भरला. मग मैनानं दुसरा हात पुढं केला.

पुढं मैना सुखरूप बाळंत झाली. परगावच्या कासारणीला जेवू घालून, ओटी भरून पाठवलं. साळीण बोटांच्या भरवशावर आपल्या मागावर परत बसली. हौसा बाजारात बसू लागली, आणि ऐटीनं माप लहान काढायचं तिनं कायमचं सोडलं. जवळजवळ कायमचं.

जशी काकणाई हौसाला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. काच आहे ती वाढायचीच, पण भरणारा हात थांबू नये, आणि पुढं केलेला हात मागं जाऊ नये. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, हाताहातीं दिली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीला संपूर्ण होवो.