मागून येणाऱ्याचं पाणी

"मग उद्या मी तोंड उघडायचं की नाही, आक्का?"

वैजयंतीने तिसऱ्यांदा विचारलं. आक्का तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

दिल्लीत वैजयंती मंत्री होती. ती खोलीत आली की बडे बडे सचिव उठून उभे राहत. इथे, नदीकाठच्या मठात, ती चटईवर मांडी घालून बसली होती आणि आक्का तिला अजून वैजू म्हणत होत्या. तिला आणि कुमुदला, दोघींनाही, त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं.

कुमुदही मंत्री झाली होती. पुलांचं खातं तिच्याकडे होतं.

मठाच्या ओसरीवरून मोडलेला पूल दिसत होता. वैजयंती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"उद्या चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे," ती म्हणाली. "पूल धोक्याचा आहे असा अहवाल आला होता. कुमुदने तो दोन वर्षं दाबून ठेवला. हे तिने फक्त मला सांगितलं, मैत्रीण म्हणून. बोलले तर तिचा घात. गप्प बसले तर लोकांचा."

"कुठे सांगितलं तुला?"

"माझ्या घरी. जेवताना."

"काय केलं होतंस जेवायला?"

"पिठलं-भात. तिला आवडतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"कशावर?"

"अहवालावर."

वैजयंतीने पदर सारखा केला.

"म्हणाले... निवडणूक होऊन जाऊ दे. मग बघू."

आक्कांनी आणखी एक शेंग सोलली.

"पुलावर एकोणीस गेले ना गं?"

"हो. एकोणीस."

"आमच्या गुरुवारच्या पंगतीला येत होते."

वैजयंतीने दाराकडे बघून पाणी मागितलं. दारातला अंगरक्षक पाण्याची बाटली घेऊन पुढे झाला. आक्कांनी हातानेच त्याला थांबवलं आणि कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट केलं.

मठाची जुनी रीत होती. आलेल्याने घागरीतलं पाणी प्यायचं आणि निघताना मागून येणाऱ्यासाठी विहिरीवरून शेंदून ठेवायचं. स्वतः.

वैजयंती घोट घोट प्यायली. पाणी गार होतं.

"आज कोण आलं होतं?"

"कुमुद. सकाळीच."

भांडं ओठाशीच राहिलं.

"काय म्हणाली?"

"फार बोलली नाही. रडली. मग विहिरीवर गेली. सवय राहिली नाही पोरीला, तळहात सोलवटले."

"माझ्याबद्दल... काही?"

"निरोप ठेवलाय. वैजू आली तर सांगा म्हणाली, उद्या मी सगळं कबूल करणार आहे. तुला ठाऊक होतं, एवढं मात्र कुणाला कळू देणार नाही."

वैजयंतीच्या छातीतून मोठा सुस्कारा सुटला. तिला तो आवरता आला नाही.

आक्कांचे हात शेंगांवर थांबले.

"मग..." वैजयंती सावकाश म्हणाली, "मग मला उद्या काही बोलायला नको."

"नको?"

"तिचीच तशी इच्छा आहे. मैत्रीचा मान राखायला हवा ना, आक्का."

आक्कांनी शेंगा बाजूला सारल्या.

वैजयंती त्यांच्या पाया पडली. तिने घड्याळ बघितलं. पूल नसल्यामुळे दोन तासांचा वळसा होता. उंबऱ्यापाशी तिला घागर आठवली.

"मोहिते," तिने अंगरक्षकाला हाक मारली, "तेवढी घागर भरून ठेवा."

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत देत कोपऱ्यापर्यंत गेल्या. उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं आणि घागर भिंतीशी पालथी ठेवली.

"राहू दे, वैजू. तुझ्यामागून येणारे त्या पुलावरूनच येत होते."