सेवेची पगारी रजा

“मग मी करायचं तरी काय, बुवा?”

भैरू डांगेनं तिसऱ्यांदा इचारलं. आवाज चढला व्हता.

नानगीर बुवा मठातल्या चुलीत जाळ सारत व्हतं. म्हणलं, “बस पंगतीला.”

भैरूचं डोस्कं फिरलं. पंपाच्या कारखान्यातला मुकादम त्यो. कंपनीनं नवी रीत काढली व्हती. वर्सातनं एक दिस पगारी रजा घ्यायची, कुठंतरी सेवा करायची आन तिथली सही आणायची. जेवढं तास राबाल तेवढी ज्वारीची पोती कंपनी त्या जागेला धाडणार. भैरूनं समद्या खात्यापुढं छाती ठोकून सांगितलं व्हतं, आठ तास भरून आणतो म्हणून. न्हाई आणलं तर उद्या तोंड दावायची सोय न्हाई.

मठात रोज पंधरा-वीस निराधार म्हातारी माणसं जेवायची. भैरूनं आल्या आल्या आमटीचं भांडं उचललं. तर बुवानं त्याच्या हातातली पळी काढून घेतली आन ठकूबाईला दिली.

ठकूबाई समद्यात थकलेली. दोन वर्सं मठात जेवती, पर खालची मान कधी वर न्हाई. हात लटलट कापायचा.

“ती सांडंल की.”

“सांडू दे.”

“आवं, मी द्यायला आलोय, खायाला न्हाई. माझं तास भरलं न्हाईत तर पोती तुमचीच बुडत्यात.”

“बुडू देत...”

असल्या माणसाशी भांडून डोस्कं दगडावर आपटल्यागत. भैरू फतकल मारून बसला.

ठकूबाईनं वाढलं. निम्मी आमटी ताटात, निम्मी त्याच्या पाटलोणीवर. शिवी पार व्हटावर आली व्हती, ती त्यानं घासाबरुबर गिळली. आमटी कुळथाची, झणझणीत. भाकर कवा सरली कळलंबी न्हाई.

आता आली का पंचाईत. भैरू कुणाफुडं हात पसरणारा न्हवं. घरात बायकोलासुदिक ‘वाढ’ म्हणायचा न्हाई, नुसतं ताट आपटायचा. हितं काय आपटतोय?

रिकामं ताट त्यानं बोटानं जरा फुडं सारलं.

“मावशी... एक भाकर वाढा.”

ठकूबाईनं मान वर केली.

“एकीनं काय व्हतंय रं? रेड्यागत गडी तू. दोन घे.”

पंगत खदाखदा हसली. भैरूबी हसला. मग म्हातारीला जोरच चढला. ह्याला दटाव, त्याला आग्रह कर, कुणाला उठूच देईना. भैरू भिताडाला टेकून पोटावर हात फिरवत बघत ऱ्हायला. लई दिसांनी जीव असा निवांत झाला व्हता.

निघताना त्यानं कंपनीचा कागद काढला आन जरा खालच्या आवाजात इचारलं,

“बुवा, काय सेवा केली म्हणून लिहू? मी तर कायच केलं न्हाई.”

बुवानं ठकूबाईकडं बघितलं. ती पळी घिऊन अजून एका म्हाताऱ्याच्या मागं लागली व्हती.

“लिही... भाकर मागून खाल्ली.”